बिननावाची पट्टी

आमच्या ह्यांना गल्लीत कुणी नावाने ओळखत नाही. ‘आपोआप’ म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात, आणि हेही ओ देतात.

नाव मीच पाडलं. हे बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करतात, आणि बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातच एक वाक्य बोलतं, “मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं.” कीबोर्डातून मुंग्यांची रांग बाहेर पडत असली तरी आपोआप. एका बाईंच्या मशिनच्या पोटातून रंगीत खडू निघाले, तेही आपोआप. लग्नाच्या पहिल्या वर्षात हे घरी येऊन सगळं रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. मग मी संध्याकाळी दार उघडतानाच विचारायला लागले, “आज किती आपोआप?” दुकानाशेजारच्या किल्लीवाल्याने ते एकदा ऐकलं, आणि झालं. हल्ली आम्ही हसत नाही. मी विचारते, हे आकडा सांगतात आणि बूट काढायला बसतात.

ह्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. पुढे नीट उभं राहता येतं, मागे जाताना मान वाकवावी लागते, आणि त्याहून मागे गेलं की बसावंच लागतं. दुकान घेतलं तेव्हा हे सडसडीत होते, वाकणं अंगाला लागत नव्हतं. आता पन्नाशी उलटली. घरी आल्यावरसुद्धा थोडा वेळ वाकूनच चालतात. मग मी म्हणते, “अहो, जिना संपला,” आणि हे सरळ होतात.

काम कमी झालं आणि दमणूक मात्र वाढली, असं एक विचित्र झालंय. मशिन बिघडलं की लोक आता नवं घेतात. ह्यांच्याकडे येतात ती अशी माणसं, ज्यांना नवं घेणं जमत नाही किंवा जुनं सोडवत नाही. ती माणसं आणि त्यांची मशिनं साधारण एकाच वयाची असतात. सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर बसत नाही, बसला तर दुसरं काहीतरी रुसतं. दोन मेलेल्या मशिनमधून एक जिवंत उभं करायचं, हा ह्यांचा हातखंडा. पण असली कामं करून घरी आलेला माणूस कसा दिसतो, ते मला विचारा.

पद्धत ठरलेली. पहिलं वाक्य, “हात काढा.” म्हणजे आता तुम्ही काही दाबू नका. मग डिस्कमधे जे काही असेल, त्या सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी कॉपी काढायची. मूळ डिस्कला त्याआधी धक्का लावायचा नाही, मग बिघाड कितीही क्षुल्लक असो. ह्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक चुळबुळतं, घड्याळ बघतं, “नुसतं चालू करून द्या ना” म्हणतं. हे उजव्या पायातला बूट काढतात, कारण त्या अंगठ्याला नेहमी ठणका असतो, हात गुडघ्यांवर ठेवतात आणि डोळे मिटून बसतात. मी एका दवाखान्यात खिडकीवर बसून नंबर पुकारते. अशी बसलेली माणसं मी दिवसभर बघते, आणि घरी येऊन पुन्हा तेच बघते.

आणि एक खोड. हे खरं सांगतात. कुणी विचारलं नसलं तरी सांगतात. एक हिशेबनीस मशिन घेऊन आला, मोठा बोलघेवडा माणूस. आपोआप सगळं पुसलं गेलं म्हणाला. ह्यांनी सगळं परत मिळवून दिलं आणि वर शांतपणे सांगितलं, “आपोआप नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्हीच पुसलंय.” माणूस पुन्हा फिरकला नाही, आणि त्याच्या ओळखीतलेही कुणी आले नाहीत. मी म्हटलं, “अहो, जरा गोड बोलायला काय जातं?” तर म्हणे, “गोड बोलून मशिन चालू होत नाही.” पालथ्या घड्यावर पाणी. माणूस सुतासारखा सरळ असला की बायकोला गल्लीभर सारवासारव करत फिरावं लागतं, एवढं मी अनुभवाने सांगते.

आता माझ्या बाबांबद्दल. ते मोजणी खात्यात होते. उन्हातान्हात साखळी घेऊन जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या, नकाशे काढायचे, ह्यात त्यांचा जन्म गेला. आई गेल्यापासून एकटे राहतात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, वर्तमानपत्रं वाचतात. बाबांनी आपल्या सगळ्या वस्तीचा नकाशा काढायला घेतला. झाडं, नळ, गटाराची झाकणं, तुटलेल्या पायऱ्या, सगळं मापात. आधी कागदावर, मग ह्यांनी दोन जुन्या मशिनांचं मिळून एक बनवून दिलं त्याच्यावर. मी एकदा विचारलं, “बाबा, हा नकाशा कुणासाठी?” तर म्हणाले, “नकाशा माणसासाठी नसतो, जागेसाठी असतो.” मी पुन्हा विचारलं नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, दूरच्या शहरात असतो. तो रोज सकाळी त्या मशिनवर बाबांशी बोलतो, समोर चेहरा बघून. दादा वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत भाऊ वाईट निघायची पद्धत आहे. झालं असं, की गेल्या वर्षी बाबा नळ चालू ठेवून बाहेर गेले आणि खालच्यांच्या घरात पाणी उतरलं. नंतर एकदा गॅसवर दूध ठेवून नकाशात गुंगले, आणि भांडं जळून कोळसा झालं. दादा धावत आला. ते काळं भांडं हातात घेऊन तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडला. जाताना म्हणाला, “आता एक जरी काही झालं, तर बाबांना मी घेऊन जाणार. खोली रिकामी केलीय. पलंगही आणलाय.” त्याचं घर अकराव्या मजल्यावर आहे. बाबा एकदा तिथे आठवडाभर राहिले होते, तेव्हा सारखे खिडकीशी उभे राहून खालचा रस्ता बघायचे, आणि रस्ता एवढ्या वरून मोजता येत नाही म्हणायचे.

मला काय वाटलं, तेही सांगते. माझी नोकरी, माझं घर, बाबांचं घर, सकाळी इकडे डबा, संध्याकाळी तिकडे फेरी, मधे गॅस बंद आहे का म्हणून फोन. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागले होते. दादा ‘घेऊन जाणार’ म्हणाला तेव्हा मला वाटलं, घेऊन जा रे एकदाचं. तसं वाटल्याची लाज वाटली. पण वाटायचं काही थांबलं नाही.

त्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळीच दादाचा फोन आला. “बाबा दिसले नाहीत आज. फोन केला तर म्हणाले, मी ठणठणीत आहे, फक्त संगणक चालू होत नाही.” बाबा संगणकच म्हणतात, सरकारी माणूस. “काय झालं विचारलं तर म्हणाले, आपोआप बंद पडला.”

मी ते ह्यांना सांगितलं. हे बुटाची नाडी बांधत होते. ‘आपोआप’ ऐकलं आणि हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग नाडी पुरी बांधली आणि पिशवी उचलली. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही.

बाबांनी दार लगेच उघडलं. केस विंचरलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली, अगदी गळ्यापर्यंत. कुणी साहेब तपासणीला यायचे असावेत तशी तयारी. खिडकीजवळच्या टेबलावर मशिन चालू होतं, पण पडदा काळा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. ह्यांनी मला नंतर तिचा अर्थ सांगितला. सुरुवात कुठून करायची ते मशिनला सापडत नव्हतं, एवढाच.

“हात काढा,” हे सवयीने म्हणाले. बाबांचे हात टेबलावर होते, त्यांनी ते टेबलाखाली घेतले.

“काय झालं?”

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “काही नाही. सकाळी लावला, तर असा. आपोआप.”

मी लहान असताना माझ्या हातून दिवा फुटला होता. मी म्हटलं, बाबा, दिवा फुटला. तर बाबांनी विचारलं होतं, “फुटला, की फोडलास?” ओरडले नाहीत, मारलं नाही, पण मी ‘फोडला’ म्हणेपर्यंत समोरून हलले नाहीत. त्या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकत होते. मला बाबांची दया आली, आणि ती मला अजिबात नको होती.

हे नुसतं “बरं” म्हणाले. पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, मशिनला लावला आणि त्याच्यावरून मशिन सुरू केलं. म्हणजे घराचं दार उघडत नाही, तर खिडकीतून आत जायचं. आत गेल्यावर डिस्कचा नकाशा समोर आला. मला ह्यातलं जेवताना कानावर पडतं तेवढंच कळतं, पण तेवढं पुरे आहे. डिस्क एकच असते, तिचे आखून भाग पाडलेले असतात, घरात खोल्या असतात तसे. बाबांच्या मशिनमधे एक भाग ‘सी’, तिथे मशिनचं स्वतःचं सामान. दुसरा ‘डी’, तिथे बाबांचे नकाशे. आणि दोन्हींच्या मधे एक चिंचोळी पट्टी, तिला नाव नव्हतं. मशिन जागं झालं की पहिल्यांदा जे वाचतं, त्या चार फाइली त्या पट्टीत होत्या. मशिन जोडताना ह्यांनीच त्या तिथे ठेवल्या होत्या.

पट्टी आता नव्हती. सी फुगला होता. डीची हद्द अर्ध्यावर सरकून अडकली होती आणि डी उघडतच नव्हता. हे आपोआप होत नाही, हे मलाही समजलं. पट्टी पुसायची, डी मागे सरकवायचा, मोकळी झालेली जागा सीला जोडायची. प्रत्येक वेळी मशिन विचारतं, नक्की ना? आणि कुणीतरी हो म्हणावं लागतं.

ह्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, आपोआप नाही, तुम्ही केलंय. सगळ्या जगाला म्हणतात, सासऱ्याला का सोडतील?

“आधी कॉपी काढू,” हे म्हणाले, आणि उजव्या पायातला बूट काढला.

कॉपी संपता संपत नव्हती. दोघं शेजारी शेजारी बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मी चहा केला, पोळलेल्या ओट्याचा डाग पुन्हा एकदा घासला, जो जाणार नाही हे मला माहीत आहे. मग दादाचा फोन आला. मी स्वयंपाकघरातूनच बोलले.

“काय म्हणतायत भावोजी?”

“कॉपी चालू आहे.”

“हे बघ,” दादा म्हणाला, “त्यांना एकच विचार. बाबांनी काही केलं, की मशिनचंच काही झालं. तू मला सांगू नकोस, तू बाबांची बाजू घेशील. भावोजी खोटं बोलत नाहीत. ते सांगतील तसं आपण ठरवू. बाबांचं डोकं चालत नसेल, तर मला त्यांना एकटं ठेववत नाही गं.”

हे कप विसळायला आत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ह्यांनी कप दोनदा विसळला.

“मला कशाला मधे घेतो तो? मी मशिनं दुरुस्त करतो.”

“तुम्ही खरं बोलता ना, म्हणून.” माझा आवाज चढला असावा. “घ्या आता. खरं सांगितलंत तर बाबा जाणार. खोटं सांगितलंत तर मी आहेच, मरेपर्यंत दोन घरांचे जिने चढायला.”

ह्यांनी कप ठेवला. “तुला काय हवंय?”

“मला झोप हवीय,” मी म्हटलं. त्या क्षणी ह्याहून खरं माझ्याजवळ काही नव्हतं.

कॉपी झाली तेव्हा ऊन टेबलावरून उतरून भिंतीवर गेलं होतं. ह्यांनी कॉपीवर काम सुरू केलं. हरवलेल्या हद्दी शोधणारा एक प्रोग्रॅम असतो, तो सगळी डिस्क पालथी घालतो आणि पूर्वी कुठे कुठे रेघा होत्या ते सांगतो. डिस्क जुन्या बाजारातली, तिच्या आधीच्या मालकाच्या रेघाही तिच्यात उरलेल्या. त्यामुळे डीच्या जागी तीन हद्दी सापडल्या, एकीखाली एक, नुसते लांबलचक आकडे. ह्यांचं बोट पहिल्या ओळीवर गेलं.

“तो नाही,” बाबा म्हणाले. “त्याच्या खालचा. ज्याच्या शेवटी चौसष्ट आहे तो.”

काय बोलून गेलो ते बाबांच्या लक्षात आलं. चुकीच्या जागी हद्द पडताना बघून गप्प बसणं त्यांना जमलं नाही, एवढंच झालं होतं. त्यांचे हात पुन्हा टेबलाखाली गेले.

“बरं,” हे म्हणाले, आणि खालचा निवडला.

डी उघडला. नकाशे होते, सगळे. बाबांनी नाक शिंकरलं. मग ह्यांनी कॉपीवर जे केलं तेच मूळ डिस्कवर केलं, आणि मशिनला सुरुवातीला लागणाऱ्या त्या चार फाइली नव्याने सीमधेच बसवल्या. पेन ड्राइव्ह काढला. बटण दाबलं. पंखा घुमला, पडदा काळा झाला, काळाच राहिला, आणि मग बाबांची वस्ती वर आली, झाडांसकट आणि नळांसकट. आम्ही तिघंही फार दमलो होतो.

तेवढ्यात दादाचा फोन. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून त्या घरात फोन नेहमी स्पीकरवरच असतो, मी सवयीने तसाच ठेवला.

“चालू झालं? वा. बरं झालं,” दादा म्हणाला. “आता मला सांगा, हे कशाने झालं?”

हे आपल्या मोज्याकडे बघत होते. “डिस्क जुनी होती,” ते म्हणाले. “जुनी डिस्क असली की कधी कधी...” आणि पुढचा शब्द सापडेना. सगळी गिऱ्हाइकं दारातच पाठ म्हणतात तो शब्द, पण ह्यांना तो जन्मात कधी लागला नव्हता. शेवटी म्हणाले, “आपोआप होतं.”

कान लाल झाले होते. खोटं बोलायलाही सराव लागतो.

“नक्की?” दादाने विचारलं.

“हो.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. “फोन इकडे दे, बयो,” ते मला म्हणाले. फोन स्पीकरवर होता, घ्यायची गरज नव्हती, पण त्यांनी तो हातात घेतला आणि तोंडाजवळ धरला.

“मी केलं,” बाबा म्हणाले. “जावईबापू खोटं बोलतायत. त्यांना ते येत नाही, आणि माझ्याच्याने ऐकवत नाही. मी स्वतः खोटं बोललो ते एक वेळ चाललं. माझ्यापायी त्यांनी बोलायचं, हे नाही चालणार.”

“बाबा...”

“ऐकून घे. काल दुपारचं आहे. सीत जागा संपली, जागा संपली म्हणून संगणक सारखा सांगत होता. डीत मैदान पडलंय. मी डिस्कचा नकाशा उघडला. तर दोन भागांच्या मधे एक पट्टी. नाव नाही, काही नाही. आता दोन मोजण्यांच्या मधे अशी पट्टी कधी उरते? मोजणाऱ्याची चूक झाली तरच उरते. अशा पट्ट्या मिटवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला वाटलं, जावईबापूंची मोजणी चुकलीय. तोंडावर सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. म्हणून गुपचूप नीट करायला गेलो. आधी पट्टी पुसली. मग डीची हद्द मागे घेतली. मग मधली जागा सीला जोडली. संगणक म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. तो उठलाच नाही.”

हे आ वासून बाबांकडे बघत होते.

“आणि सकाळी तुला आपोआप म्हणालो,” बाबा म्हणाले, “तेही खोटं. तुझ्या त्या अकराव्या मजल्याला घाबरून बोललो.”

मग दादा म्हणाला, “हे सगळं तुम्हाला अस्सं आठवतंय?”

“हद्द हलवणारा माणूस आधीची हद्द विसरला, तर त्याला घरी बसवतात.”

“आणि नळ? आणि गॅस?”

“ते विसरलो,” बाबा म्हणाले. “ते अगदी साफ विसरलो. त्याला मी नाही म्हणत नाही.” एवढं बोलून ते खाली बसले.

“तुम्ही काय म्हणता?” दादाने विचारलं. हा प्रश्न ह्यांना होता.

ह्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “त्यांनी सांगितलं ते शब्दन् शब्द बरोबर आहे. त्यांनी दाखवली म्हणून हद्द सापडली, नाहीतर मी चुकीची धरत होतो.” मग थांबून म्हणाले, “पंचवीस वर्षं हे काम करतोय. ‘मी केलं’ म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं. गॅसचं मला कळत नाही. पण ह्या माणसाचं डोकं शाबूत आहे.”

“रविवारी येतो मी,” दादा म्हणाला. “न्यायला नाही, नुसता येतो. ती आपोआप बंद होणारी शेगडी मिळते म्हणे, ती बघू.”

आणि हे हसले. कितीतरी दिवसांनी, खांदे हलवून, आवाज न करता. बाबांना का ते कळलं नाही, पण तेही थोडे हसले. मग त्यांनी फोनमधे विचारलं, “आणि तो पलंग?”

“राहू दे. पाहुणे येतात आमच्याकडे.”

माझी काही सुटका झाली नाही, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. उद्या डबा, संध्याकाळी फेरी, तेच जिने. आणि तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. दोन्ही एकदम झालं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून थोडा वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

बाहेर आले तर बाबांनी ह्यांची चौकशी लावली होती. “आता सांगा, ती पट्टी कशाची होती?”

“मशिन जागं झालं की आधी तिथे जातं. दार म्हणा.”

“दार. मग त्याला नाव का नाही दिलंत?”

“राहिलं.”

“राहिलं म्हणजे?”

डॉक्टरसाहेबांसमोर उभा राहिलेला माणूस मी दवाखान्यात रोज बघते. ह्यांना असं बघितलं नव्हतं. “चुकलं,” हे म्हणाले.

“हं,” बाबा म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं. मग दोघांनी बसून डिस्कच्या प्रत्येक भागाला नाव दिलं. बाबा सांगत होते, हे एका पायात बूट न घालताच टाइप करत होते. सीला ‘संगणकाचे सामान, हात लावू नये’. डीला ‘नकाशे’. एवढी लांब नावं मशिन घेईना, मग बाबांनी कुरकुरत ती छोटी केली.

निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. हे पिशवी खांद्याला लावून पुढे चालत होते, दिवसभर दुकानात पाऊलही न टाकता तसेच वाकून. मी त्यांना गाठलं आणि नेहमीचं विचारलं.

“आज किती आपोआप?”

ह्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“एक,” मग म्हणाले. “बाबांनी त्यांचा परत घेतला. माझा तेवढा राहिला.”

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली, आणि आम्ही घरी आलो.